पेसमेकरनंतरचा प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातलं नेत्रदान

मी पुण्यात अंत्यविधीचं सामान आणि शववाहिका पुरवतो. वडिलांपासूनचं हे काम. मी स्वतः त्यात पडून सव्वीस वर्षं झाली. अवयवदानाच्या कार्यक्रमांना डॉक्टर येतात, परिचारिका येतात, रुग्णालयातले समाजसेवक येतात. आम्हाला तिथे सहसा कोणी बोलावत नाही. पण घरात माणूस गेला की डॉक्टरनंतरचा दुसरा फोन आम्हाला येतो, कधीकधी पहिलाच. नेत्रपेढीची आठवण कोणाला झालीच तर ती स्मशानातून परतल्यावर, दारात पाय धुताना होते. म्हणून एका घरातलं प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कुटुंबाला विचारून लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहाटेचा फोन

मे महिना. पहाटे चार पस्तीसला फोन वाजला. "वडील गेले. गाडी लागेल, शीतपेटी पण लागेल. बहीण नाशिकहून यायची आहे." मुलाचा आवाज कोरडा होता. पहिल्या अर्ध्या तासात बहुतेकांचा तसाच असतो.

गेलेले काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. साखरेचा त्रास जुना, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. रात्रभर छातीत जड वाटत होतं, "सकाळी बघू" म्हणाले, आणि चार वाजून दहा मिनिटांनी गेले.

फोनवर मी ठरावीक चार गोष्टी विचारतो. किती वाजता गेले, डॉक्टर येऊन गेले का, कुठे न्यायचं आणि साधारण केव्हा, आणि छातीत पेसमेकर बसवलेला आहे का. हा शेवटचा प्रश्न विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनीमुळे आला. पेसमेकरची बॅटरी उष्णतेने फुटते. भट्टीचं नुकसान होतं, जवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. म्हणून तो आधी काढून घ्यावा लागतो. इतक्या वर्षांत या प्रश्नावर माझ्यावर कोणी रागावलेलं नाही. तो काढताना छातीला छेद द्यावा लागतो हे सांगितलं तरी घरचे म्हणतात, काढायचा तर काढा.

पाचवा प्रश्न डोळ्यांचा. तो विचारायचं धैर्य यायला मला फार वर्षं लागली, आणि त्याला कारण एका मुख्याध्यापिका बाईंचं घर आहे. बाई गेल्या तेव्हा दोन तासांच्या आत मी त्यांच्या दारात होतो. सगळं रीतसर पार पाडलं. दहाव्याला हिशेबासाठी गेलो तर त्यांच्या मुलीने आईच्या पर्समधून नेत्रदानाचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "तुम्हाला हे माहीत असतं ना? मग तुम्ही का नाही विचारलंत?" मला माहीत होतं. दुःखात भर नको म्हणून मी गप्प बसलो होतो. त्या बाईंनी स्वतःच्या हाताने सही केलेली इच्छा माझ्या भिडेपोटी जळून गेली. हे ओझं अजून उतरलेलं नाही.

त्यामुळे त्या पहाटे मी मुलाला विचारलं, "दादा, राहून जायला नको म्हणून एक विचारतो. काकांनी कधी डोळे देण्याबद्दल बोलून दाखवलं होतं का? हो असेल तर त्याला वेळेचं बंधन असतं. नसेल तर काही हरकत नाही, पुढचं सगळं तसंच होईल."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मागे कोणीतरी नाक ओढत होतं. मग तो म्हणाला, "आई म्हणतेय, कसला तरी फॉर्म भरला होता. पण तो सापडत नाहीये."

"कागद शोधू नका," मी म्हणालो. "कागद लागत नाही. काकू हो म्हणाल्या तर पुरे."

याबाबत फार गैरसमज आहे. कार्ड असलं म्हणजे डोळे आपोआप जातात आणि कार्ड नसलं म्हणजे देता येत नाहीत, असं लोकांना वाटतं. दोन्ही चूक. कार्ड ही माणसाची इच्छा. प्रत्यक्षात पेढीचे लोक जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्याशिवाय हात लावत नाहीत. आणि माणसाने आयुष्यात कधी फॉर्म भरला नसला, पण नकोही म्हटलेलं नसलं, तरी घरचे संमती देऊ शकतात.

दिवा आणि पंखा

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. चार दहाला गेले म्हणजे दहा वाजून दहा मिनिटं ही शेवटची मर्यादा. पण मे महिन्यात सहा तासांवर विसंबून राहू नये. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो उघडा राहिला की सुकतो. सुकला की उपयोगाचा राहत नाही. म्हणून निर्णय व्हायच्या आधीच मी काही गोष्टी करायला सांगतो. नंतर नाही म्हणाले तरी त्यात काही बिघडत नाही, आणि हो म्हणाले तर डोळे वाचलेले असतात.

पापण्या हलक्या हाताने मिटायच्या. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या घड्या पापण्यांवर ठेवायच्या आणि त्या सुकू द्यायच्या नाहीत. डोकं थोडं उंच ठेवायचं. पंखा बंद, एसी असेल तर चालू.

सांगायला सोपं, पण आपल्या घरात या प्रत्येक गोष्टीच्या आड काहीतरी येतं. माणूस गेला की त्याला खाली घेतात आणि उशी काढून टाकतात. उशी द्या म्हटलं की घरातली म्हातारी माणसं बिचकतात. मी उशी म्हणतच नाही. "त्यांचं धुतलेलं धोतर किंवा चादर घडी करून डोक्याखाली द्या" म्हणतो. डोकं उंच असलं की चेहऱ्याकडे रक्त साचत नाही, नंतर सूज आणि रक्तस्राव कमी होतो. तूप, चंदन, अत्तर हे सगळं पेढीचे लोक येऊन गेल्यावर. आंघोळही नंतर घाला म्हणून सांगतो.

पंख्याचं मात्र अवघड असतं. मे महिन्यात बारा-पंधरा माणसं एका खोलीत बसलेली, सगळी घामाघूम. कोणी ना कोणी उठून बटण दाबतंच. मी पाच वाजून दहा मिनिटांनी त्या घरात पोचलो तेव्हा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि कापूस वाळून पापण्यांवरून कानाशी घसरला होता. उशाशी कणकेचा दिवा लावलेला, तो दोनदा विझला होता आणि एक शेजारीण तिसऱ्यांदा वात पेटवत होती. मी म्हणालो, "ताई, दिव्यासाठी पंखा बंद ठेवू या. आणि डोळेही सुकायचे नाहीत." दिव्यासाठी म्हटल्यावर पुढचा दीड तास त्या बटणाला कोणी हात लावला नाही. डोळ्यांचं कारण मी लपवलं नव्हतं. दोन्ही कारणं खरीच होती. पण घराला दिव्याचं कारण आधी पटलं.

मधल्या वेळात मी नेत्रपेढीला फोन केला होता. त्यांना पत्ता, वय, मृत्यूची वेळ आणि कारण लागतं. कावीळ, एचआयव्ही, रेबीज, रक्ताचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असं काही होतं का, हे विचारतात. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, साखर, रक्तदाब यांची आडकाठी नसते. काकांचे घरचे डॉक्टर सव्वापाचला आले आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहून दिला. घरी मृत्यू झाला तर हा चार-अ नमुन्यातला दाखला लागतो. तो नेत्रपेढीलाही लागतो आणि दहनाच्या पासलाही, म्हणून डॉक्टर घरात असतानाच त्याच्या दोन झेरॉक्सची सोय करून ठेवावी. पहाटे दुकानं बंद असतात. मी गाडीतच छोटा प्रिंटर ठेवतो.

अण्णा

साडेपाचला काकांचे थोरले भाऊ आले. धनकवडीत राहतात, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आल्या आल्या भावाच्या पायाशी बसले, रडले. मग कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं आणि ते उठून माझ्याकडे आले. "तुम्ही सामान आणलंत ना? मग सामान ठेवा आणि गप्प राहा. अंगाला सुरी लावू देणार नाही मी. पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल तो."

अशा वेळी आमच्यातले काही जण वाद घालतात. दधीची ऋषींनी हाडं दिली, अमक्या शास्त्रात असं लिहिलंय, वगैरे. मी तसं करत नाही. दुःखातल्या माणसाला वादात हरवून काय मिळणार? आणि आपण तिथे पैसे घेऊन आलेले, हे विसरता येत नाही. आमच्या तोंडून आग्रह झाला की घरच्यांना वाटतं, याला यात काहीतरी मिळत असणार. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मानवी अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि नेत्रपेढीकडून मी चहासुद्धा घेत नाही. पण ते त्या क्षणी कोण कोणाला पटवून देणार? त्यामुळे माझा नियम एकच : विचारायचं एकदा, माहिती द्यायची विचारतील तेवढी, आणि नाही म्हणाले तर विषय तिथेच मिटवायचा.

अण्णांना मी गॅलरीत घेऊन गेलो. म्हणालो, "अण्णा, निर्णय काकूंचा आहे आणि तुम्ही घरातले मोठे आहात. मी सामान ठेवतो, गप्प राहतो. फक्त मला एवढं सांगा, तुम्हाला नक्की कशाची धास्ती वाटते?"

ते बराच वेळ खाली रस्त्यावरच्या दुधाच्या टेम्पोकडे बघत राहिले. मग बोलले ते पुढच्या जन्माबद्दल नव्हतंच. "गावाकडची माणसं येणार. तोंड बघणार. खोबणी रिकाम्या दिसल्या तर काय म्हणतील? म्हणतील, थोरला असून भावाची दशा करू दिली."

पुढच्या जन्माची भीती बऱ्याच घरांत पहिल्या वाक्यात येते. तिच्याखाली बहुतेक वेळा हीच भीती असते, शेवटच्या दर्शनाची. आणि त्या भीतीला माझ्याकडे उत्तर आहे, कारण चेहरा लोकांना दाखवण्याजोगा करणं हे माझंच काम आहे. मी त्यांना सरळ सांगितलं. एक पद्धत म्हणजे फक्त वरचा पारदर्शक पडदा काढतात. दुसऱ्या पद्धतीत पूर्ण नेत्रगोल काढतात आणि त्या जागी भरणी करून वर डोळ्याच्या आकाराची टोपी बसवतात. दोन्हींत पापण्या मिटलेल्या राहतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. क्वचित पापणीशी रक्ताचा थेंब येतो किंवा कडेला थोडं काळंनिळं दिसतं. तसं झालं तर गार कापूस ठेवतो आणि तिरडीवर घेताना डोकं खाली झुकू देत नाही. "तुमच्या गावातल्या कोणाला कळलं तर ते तुम्ही सांगितल्यावरच कळेल," एवढं म्हणालो.

ते म्हणाले, "मी खोलीत थांबणार."

"थांबा," मी म्हणालो. पेढीच्या लोकांची त्याला हरकत नसते हे मला माहीत होतं. पुष्कळदा एका माणसाने आत थांबणं सगळ्यांच्याच मनाला बरं असतं.

सहा वाजता त्यांच्या गुरुजींचा फोन आला. अण्णांनी त्यांनाही विचारलं. गुरुजी म्हणाले, त्याने विधी अडत नाही, अग्नी द्यायच्या आत उरकून घ्या. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा गुरुजींचं हे एक वाक्य अण्णांना जास्त पुरलं असणार. म्हणून आता मी माझ्या ओळखीच्या सगळ्या गुरुजींशी हा विषय आधीच बोलून ठेवला आहे. आमच्याकडे येणाऱ्या लिंगायत आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या धर्मगुरूंशीही बोललो. लिंगायतांमध्ये पार्थिव बसवून नेतात, तिथे डोकं पुढे कलंडू नये याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

नाशिकची वाट

मुलगी पाच वाजता नाशिकहून निघाली होती. पोचायला साडेदहा होणार. तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "ती गाडीत रडत असेल, आल्यावर सांगू." कायद्याने पाहिलं तर काकूंची सही पुरेशी होती. पण मी हट्ट धरला की तिला आत्ता सांगा. पूर्वी एका घरात धाकट्या मुलाला विमानतळावरून आल्यावर कळलं आणि त्या भावंडांत पुढे वर्षानुवर्षं अबोला राहिला. दान चांगलं होतं. चोरून झाल्यासारखं वाटलं, एवढंच.

काकूंनीच फोन लावला. मुलगी आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मी येईपर्यंत थांबा. मला बाबांना आहेत तसं बघायचंय." पण ती येईपर्यंत मुदत संपणार होती. मी मध्ये पडलो नाही. काकूंनी तिला वेळ समजावली आणि म्हणाल्या, "तुला आत्ता दाखवते." व्हिडिओ कॉल झाला. मी कापसाच्या घड्या उचलल्या, चेहरा पुसला आणि फोन काकांच्या तोंडासमोर धरला. गाडी कुठेतरी रस्त्याच्या कडेला थांबवलेली होती, मागे ट्रक जाताना ऐकू येत होते. पाच-सहा मिनिटं ती बापाशी बोलली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. मग म्हणाली, "आई, तू म्हणशील ते."

हा कॉल आता माझ्या कामाचा भाग झाला आहे. परगावचं, परदेशातलं जवळचं माणूस असेल तर पेढीचे लोक यायच्या आधी चेहरा एकदा दाखवून घ्यायचा.

सहा चाळीसला पेढीची माणसं आली. एक तंत्रज्ञ, एक समुपदेशक. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीपासून कॉर्निया काढण्याचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञाला करता येतं, त्यासाठी डॉक्टरच यायला हवा असं राहिलेलं नाही. त्याच दुरुस्तीने अवयवांबरोबर ऊतींचाही, म्हणजे कॉर्निया, त्वचा यांसारख्या भागांचाही, कायद्यात समावेश झाला. काकूंनी सही केली, साक्षीदार म्हणून मुलगा आणि अण्णा. अण्णांनी सही करताना चष्मा दोनदा पुसला.

सही झाल्यावर समुपदेशकाने त्वचादानाबद्दल विचारलं. त्वचाही सहा तासांच्या आत, घरी येऊनच घेतात. मांड्या, पाय आणि पाठीवरचा अगदी पातळ थर. पाऊण तास लागतो, वर पट्ट्या बांधतात. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर ती पाच वर्षांपर्यंत टिकते. भाजलेल्या माणसाला ती जखमेवरच्या पांघरुणासारखी असते, रक्तगट जुळवावा लागत नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा त्वचापेढ्या आहेत. मुलाने हे सगळं ऐकलं आणि लगेच म्हणाला, "आई, देऊ या."

काकूंनी मान हलवली. "पाठ नको. रोज मी चोळून द्यायचे ती."

मुलगा समजावायला लागला, अगदी वरचा थर असतो, दिसतसुद्धा नाही. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि त्याला थांबवलं. समुपदेशकानेही लगेच कागद बाजूला ठेवला. डोळे दिले म्हणजे पाठ द्यायलाच हवी असं थोडंच आहे? जेवढं दिलं तेवढं पूर्ण दान असतं. त्या वाक्यानंतर अजून कोणी एक शब्द बोललं असतं तर काकूंना डोळ्यांची सहीसुद्धा जड झाली असती.

आत तंत्रज्ञाने दहा मिलिलिटर रक्त तपासणीसाठी घेतलं आणि मग डोळे. त्याआधी त्याने पार्थिवाला नमस्कार केला. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. सात वाजून दहा मिनिटांनी बर्फाच्या डब्यात दोन छोट्या बाटल्या ठेवून ती मंडळी निघाली. मी चेहरा नीट केला, मग घरच्या पुरुषांनी आंघोळ घातली, आणि मुलगी येईपर्यंत पार्थिव पेटीत ठेवलं. ती साडेदहाला आली. पेटीचं झाकण उघडल्यावर तिने आधी कपाळावरून हात फिरवला, मग पापण्यांच्या कडेने. पापणीवर दाबू नका, एवढं मी आधीच सांगून ठेवलं होतं. अण्णा तिच्या शेजारी उभे होते. गावाकडचे लोक अकराला आले, त्यांना अण्णांनीच सांगितलं. साडेबाराला वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी दिला.

मुलाचा प्रश्न, आणि रुग्णालयाचं फाटक

तिरडी बांधत असताना मुलाने मला विचारलं होतं, "किडन्या, यकृत का नाही घेतलं? बाबांनी तेही दिलं असतं." हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर आम्हाला यायलाच हवं, नाहीतर घरच्यांना आयुष्यभर वाटत राहतं की आपण काहीतरी वाया घालवलं.

घरी हृदय थांबलं की रक्तपुरवठा थांबतो आणि मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव निकामी होतात. ते मिळतात मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचे. माणूस अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असतो, हृदय चालू असतं, पण मेंदूचा बुंधा कायमचा बंद पडलेला असतो. चार डॉक्टरांच्या समितीने कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो जाहीर करावा लागतो. २०२३ साली देशभरात असे १०९९ दाते झाले. एवढ्या मोठ्या देशात! म्हणून घरून मिळणारे डोळे आणि त्वचा यांचं महत्त्व मला फार वाटतं. त्याला अतिदक्षता विभाग लागत नाही, फक्त कोणीतरी वेळेत विचारावं लागतं.

मेंदूमृत्यूच्या प्रकरणात आम्ही काय करावं हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तिथे आमची चूक वेगळ्या ठिकाणी होते. तिथे विचारायचं काम रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाचं आहे. आपण त्यात तोंड घालायचं नाही. पण नातेवाईक घाईघाईने आम्हाला फोन करतात, आम्ही गाडी नेऊन फाटकाशी उभी करतो. वर बाप मुलाच्या अवयवांबद्दल विचार करतोय आणि खिडकीतून त्याला शववाहिका दिसते. चालक खालून विचारतो, "किती वेळ लागेल?" त्या एका प्रश्नाने झालेला निर्णय डळमळताना मी पाहिला आहे. संमतीनंतर अवयव काढेपर्यंत बारा-पंधरा तास सहज जातात. विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार वाटप करते, बाहेरून डॉक्टरांचे गट येतात. अपघात असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनही. नोव्हेंबर २०२१ पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला केंद्राने परवानगी दिली, त्यामुळे एक रात्र वाचते. तरी गाडी समन्वयकाचा फोन आल्याशिवाय हलवायची नाही, हा माझ्या चालकांना दिलेला हुकूम आहे. थांबण्याचे पैसे अशा घरांकडून मी घेत नाही. अवयव काढण्याचा खर्चही दात्याच्या कुटुंबाकडे येत नाही; हे मी त्यांना आधीच सांगतो, कारण बिलाची भीती कोणी बोलून दाखवत नाही.

आणखी एक. देहदान आणि अवयवदान लोक एकच समजतात. नेत्रदान करून देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. अवयव काढलेला किंवा शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत. "देहदान करायचंय" असा फोन आला की मी आधी डोळ्यांचं विचारतो.

तेराव्यानंतर

नेत्रपेढीचं प्रमाणपत्र तेराव्याच्या आत आलं. मी सही व्हायच्या आधीच सांगितलं होतं की काढलेला प्रत्येक कॉर्निया बसवला जातोच असं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात, रक्ताचे अहवाल बघतात. काही शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी जातात. हे आधी सांगावं. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. काकांचा एक कॉर्निया बसवला गेला, एक प्रशिक्षणासाठी गेला, असं पेढीने मुलाला कळवलं. कोणाला बसवला ते सांगत नाहीत. मुलीने मला विचारलं, निदान माणूस म्हातारा आहे की तरुण एवढं तरी कळेल का. मला माहीत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.

काकूंनी मात्र वेगळंच विचारलं. "मी पाठ दिली नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल का हो?" मी म्हणालो, "काकू, ती तुमची होती." त्या काही बोलल्या नाहीत. पण या प्रश्नावर मी अजून विचार करतोय. समुपदेशकाचं विचारणं बरोबर होतं, त्याने ते सौम्यपणे विचारलं होतं. तरी डोळ्यांची सही होऊन पेनाचं टोपण लावायच्या आत ते यायला नको होतं, असं मला वाटतं. विचारायचं तर दोन्ही एकत्र, सहीच्या आधी, म्हणजे माणूस स्वतःच निवडतो; एक दिल्यावर दुसरं मागितलं की नकाराचा सल राहतो. पेढीच्या लोकांशी मी हे बोललो, त्यांनाही ते पटलं.

आमच्या दुकानातल्या फोनशेजारी एक वही असते. पूर्वी तिच्यात नाव, वेळ, डॉक्टर, ठिकाण, पेसमेकर असे रकाने होते. आता पेसमेकरच्या पुढे "डोळे/त्वचा : विचारलं का" असा रकाना आखला आहे. उत्तर हो की नाही ते त्यात लिहीत नाही. फक्त विचारल्याची खूण आणि विचारणाऱ्या पोराची सही.